नटावरचा लाल ठिपका

मिरजोळे, रत्नागिरी
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

तेजस्वी,

वर 'चि.' लिहावं की नुसतं नाव, यात माझी दहा मिनिटं गेली. शेवटी नुसतं नाव लिहिलं. सहा वर्षांनी पत्र लिहितोय म्हणून उगाच लांबण लावत नाही. कामाचंच आहे.

काल सोमवारी गॅरेजला एक पांढरी गाडी आली होती. टायमिंग बेल्ट बदलायचा होता, तो बदलून दिला. गाडी गेल्यावर एकाने सांगितलं की ती तुझी गाडी, आणि घेऊन आलेला माणूस म्हणजे तुझा नवरा. मला कसं कळणार? मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. नाव विचारलं तर 'रितेश' एवढंच म्हणाले. बाकड्यावर बसून पेपर वाचत होते. स्वभावाने शांत वाटले.

तर सांगायचं असं की नवीन बेल्ट लावल्यावर थोडी गाडी चालवून एकदा त्याचा ताण बघून घ्यावा लागतो. आमच्याकडे सगळ्यांनाच तसं सांगतो. काल घाईत सांगायचं राहिलं. जॉबकार्डावर त्यांचा फोन नंबर होता, पण कार्ड पाण्यात भिजलं आणि अक्षर गेलं. तुझा जुना नंबर आता खेडच्या कुणा माणसाकडे आहे. मी त्याला काल तीनदा आणि आज दोनदा फोन केला. आता तो माझा आवाज ओळखतो आणि 'नाय वो काका, मी तुमची पोरगी नाय' म्हणतो.

म्हणून हे पत्र. पोस्टाने टाकलं तर कधी मिळेल कोण जाणे. आपला रघू, एसटीवाला, तू त्याला ओळखतेस. सध्या त्याची ड्यूटी सकाळच्या पोफळी गाडीवर आहे, संध्याकाळी तो परत येतो. त्याच्या हातात देतोय. पोफळीच्या पॉवरहाउस कॉलनीतली तुझी बिल्डिंग आणि खोलीचा नंबर पाकिटावर लिहिला आहे. पत्ताही त्या सांगणाऱ्यानेच दिला.

तसं काळजीचं काहीच नाही. सगळं नेहमीसारखं करून दिलं आहे, नटावर लाल ठिपकाही दिला आहे. तुझी नेलपॉलिशची बाटली कधीच संपली, आता तिसरी चालू आहे. दुकानातली मुलगी मला बघून हसते.

सवडीने गाडी आणा. फक्त रितेश बोलता बोलता म्हणाले होते की रविवारी कुंभार्ली घाट चढून कराडला जायचं आहे, त्यांच्या वडिलांच्या, गुरुजींच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आहे, सगळेच जाणार आहात. तर त्याआधी आणलीत तर बरं. घाटात उगाच विषाची परीक्षा नको. म्हणजे तसं काही होणार नाही. पण आणा.

महिपत भुवड
भुवड ऑटो गॅरेज


मिरजोळे
बुधवार, ५ नोव्हेंबर

तेजस्वी,

पत्र तुझ्या हातात पडलं. रघू म्हणाला, "मी सोता दिलं. त्येनी वाचलं दारातच. मना पानी दिलं न् दार लावलं." मी त्याला विचारलं, गाडी दिसली का? तर म्हणे गाडीकडे बघायचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. असली माणसं महामंडळाच्या गाड्या चालवतात.

दोन ओळींचं उत्तर त्याच्याबरोबर देता आलं असतं. येतो, नाही येत, काहीही. तू लहानपणापासून अशीच. रागावलीस की तोंडाला कुलूप. तुझी आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस, आणि तेराव्यापर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नव्हतीस, जसं काही मीच तिला धाडलं. मग एक दिवस शाळेतून आलीस, दप्तर बाकड्यावर टाकलंस आणि विचारलंस, 'आबा, हा पाना दहाचा की बाराचा?' मी अजून ते विसरलेलो नाही.

कालच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. बेल्ट लावला तेव्हा इंजिन पुरतं थंड झालेलं नव्हतं.

तुला वेगळं सांगायला नको. इंजिन तापलं की फुगतं, पुल्या एकमेकींपासून तसूभर सरकतात आणि पट्टा आपोआप ताणला जातो. त्या वेळी बोटाला बरोबर लागलेला पट्टा सकाळी थंडीत ढिला निघतो. म्हणून गाडी रात्री ठेवून घ्यायची, सकाळी इंजिनाच्या हेडवर तळहात ठेवायचा, आणि हाताला लोखंड गार लागलं तरच ताण देणाऱ्या पुलीला, टेन्शनरला पाना लावायचा. हे मीच तुला शिकवलं. तुझा तळहात इवलासा होता, तू दोन्ही हात ठेवायचीस.

पण तुझ्या नवऱ्याला घाई होती. दुपारी एकला शंभरावर किलोमीटर पळवून गाडी आणली, आणि आजच पाहिजे म्हणून बसून राहिले. गिऱ्हाईक मानगुटीवर बसलं की मेकॅनिकने काय करायचं? पोफळीला कुणी सांगितलं नव्हतं का त्यांना, की असली कामं घाईची नसतात? तू तर तिथे पॉवरहाउसला मेंटेनन्समध्ये आहेस म्हणे. घरात मेकॅनिक असून नवऱ्याला एवढं ठाऊक नसावं?

असो. रागाने लिहिलं. खोडत नाही, कागद घाण दिसतो.

आता ऐक. तू स्वतः बघू शकतेस. वरच्या प्लास्टिकच्या कव्हरला दहा नंबरचे बोल्ट आहेत. ते काढ, आणि लांब बाजूचा पट्टा मधोमध अंगठा आणि तर्जनीत धरून पीळ. काटकोनात उभा राहून थांबला तर ठीक. त्यापुढे वळला तर ढिला. सकाळी, गाडी चालू करायच्या आधी बघायचं. तुझा अंगठा हे विसरला नसेल. बारावीच्या सुट्टीत तू माझ्या आधी सांगायचीस, आबा, हा जास्त वळतोय. मी तुला मुद्दाम 'गप' म्हणायचो आणि मग गुपचूप पुन्हा बघायचो. दहातल्या नऊ वेळा तुझं बरोबर असायचं.

तू पहिल्या पगारातून आणलेला ताण मोजायचा गेज आज ड्रॉवरमधून काढला. डबी फोडलेलीसुद्धा नव्हती. मी त्या वेळी म्हणालो होतो की माझा अंगठा काय मेला आहे का. आज त्याचा कागद चष्मा लावून वाचला.

मी ठरवलं आहे की नुसती काळजी करत बसायचं नाही, बघायचं. माझ्या जुन्या गाडीत तुझ्या गाडीचंच इंजिन आहे. आज दुपारी पालीपर्यंत दोन फेऱ्या मारून ते तापवलं आणि सोमवारी जसा बेल्ट लावला होता अगदी तसाच लावला. तेवढाच वेळ घेतला, तेवढंच केलं. उद्या सकाळी थंड झाल्यावर बघतो. मला वाटतं ठीकच निघेल. एवढ्याने काही बिघडत नाही.

आज शेजारच्या शेडमधल्या पोरांनी दोनदा विचारलं, काका बरं नाही का? जेवण गेलं नाही एवढंच. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

महिपत


मिरजोळे
गुरुवार, ६ नोव्हेंबर, सकाळी

तेजस्वी, गाडी चालू करू नकोस.

हे वाक्य सगळ्यात आधी लिहितोय कारण तू पत्र अर्धवट टाकलंस तरी हे वाचलेलं असावं. गाडी चालू करू नकोस. जागेवरून पुढे-मागे घ्यायलासुद्धा नाही. ढकला.

झोप लागेना, रात्री दोनलाच उठून गॅरेजला आलो. हेडवर हात ठेवला, गार होतं. कव्हर काढलं आणि बेल्ट पिळला. काटकोनाच्या पुढे गेला, पार गेला. गेज लावला तर काटा जिथे पाहिजे त्याच्या निम्म्यावरसुद्धा नव्हता. तरी म्हटलं, चालेल, सगळेच पट्टे काय लगेच पुलीचे दात सोडत नाहीत. सेल्फ मारला. चालू झाली, आवाज बरा होता. बंद केली. थोडं थांबून पुन्हा मारला. पुन्हा चालू झाली. तिसऱ्यांदाही. मी स्वतःशी हसलो, म्हटलं महिपत, उगाच जीव टांगणीला लावलास.

चौथ्या सेल्फला खाडकन आवाज आला आणि इंजिन अडकलं. पट्ट्याने दात सोडले. हेड खोललं तर तीन व्हॉल्व्ह वाकलेले, पिस्टनवर त्यांचे वार उमटलेले. चाळीस वर्षांत माझ्या हातून लागलेल्या बेल्टने असं केलेलं मी पाहिलं नव्हतं.

आता मला सांग, सोमवारपासून तू किती वेळा सेल्फ मारलास? मंगळवारी ड्यूटीला नेलीस का? बाजाराला? मुलीला शाळेत सोडायला? मी पहाटेपासून तेच मोजतोय. चालत्या गाडीत दात सुटले तर इंजिन तिथेच बंद पडतं, स्टिअरिंग जड होतं, ब्रेकचा दाब जातो. सरळ रस्त्यावर माणूस कडेला घेईल. घाटातल्या वळणावर मागे एसटी, पुढे ट्रक, बाजूला दरी, आणि आत तुम्ही चौघं.

तुला मुलगी आहे हे मला ठाऊक नव्हतं. मागच्या सीटवर एक छोटी चप्पल होती, फुलपाखराची. रितेश फोनवर कुणाशी तरी बोलत होते, 'संस्कृतीला झोपू दे, उठवू नकोस.' तेवढंच ऐकलं.

आणखी एक लिहायचं आहे. इंजिन नुसतं गरम होतं असं नाही. मी दोन फेरेही दिले नाहीत. टेन्शनर कसल्यावर क्रँकला पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे द्यायचे, म्हणजे पट्टा आपल्या जागी बसतो, लपलेला ढिलेपणा बाहेर येतो. मग टेन्शनर सैल करून पुन्हा कसायचा. हे मी केलं नाही. एकदाच कसलं आणि कव्हर लावलं. का, ते विचारू नकोस. लाइट गेली होती, डोळ्यांना कमी दिसतं आता, काहीही समज.

सकाळची गाडी चुकू नये म्हणून हे इथेच थांबवतो. रघूला सांगितलं आहे, पत्र हातात देऊन तोंडानेही सांग, चालू करू नका म्हणून.


गुरुवार, संध्याकाळी

रघू आला. म्हणाला, तुझं दार बंद होतं, तू ड्यूटीवर होतीस, पत्र शेजारच्या यमुनाबाईंकडे दिलं आणि त्यांना निरोपही सांगितला. मी विचारलं, गाडी? म्हणाला, "बिल्डिंगच्या म्होरं सगल्यांच्या गाड्या हायत, पांढरी कंची न्हाय."

मग कुठे आहे? रितेश घेऊन गेले का? घाटात आज गेले का? रविवारी जायचं म्हणाले होते ना?

कॉलनीच्या ऑफिसला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, कर्मचाऱ्यांचे नंबर देता येत नाहीत, निरोप लिहून घेतो. काय लिहू? मी म्हटलं, लिहा, गाडी चालू करू नये. त्याने विचारलं, कोण सांगतंय म्हणून लिहू? माझ्या तोंडून गेलं, मेकॅनिक.


मिरजोळे
शुक्रवार, ७ नोव्हेंबर, सकाळी

चि. तेजस्वी,

सगळं लिहितो. काल अर्धवट लिहिलं, परवा खोटं लिहिलं, आणि मंगळवारचं पत्र तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत खोटं आहे. रघूची गाडी सुटायला अजून तास आहे.

रितेशना घाई नव्हती. ते म्हणाले होते, 'काका, तुम्ही म्हणाल तेव्हा गाडी नेईन, मी मित्राकडे राहीन.' मीच त्यांना सांगितलं होतं की गाडी थंड होऊ दे, उद्या सकाळी बेल्ट लावू. जुना बेल्ट कसा आहे ते बघायला कव्हर उघडून ठेवलं होतं. आम्ही चहा घेतला. हौसाबाईच्या टपरीवरचे ग्लास त्या दिवशी कमी होते, म्हणून फळीवरचा माझा कप, तो कानाशी टवका उडालेला, मी त्यांना दिला. चांगला माणूस वाटला म्हणून दिला. मग वॉटर पंपसाठी दुकानाला फोन केला, तर त्याने गाडीचं साल विचारलं. रितेश बाहेर फोनवर होते. मी डॅशबोर्डच्या कप्प्यातून आरसी काढली.

त्यावर तुझं नाव होतं. आणि खाली, वडिलांचं नाव, महिपत भुवड. लग्नाला सहा वर्षं झाली, ही जुनी गाडी दोन वर्षांपूर्वी तुझ्या नावावर झालेली, आणि तू माझंच नाव लावलंस. पत्ताही तिथेच होता. मला कुणीही काही सांगितलेलं नव्हतं.

तेजस्वी, त्या वेळी मला आनंद व्हायला पाहिजे होता. तसं झालं नाही. वाटलं, हा माणूस माझी परीक्षा घ्यायला आला आहे. घरी जाऊन तुला सांगेल, तुझा बाप म्हातारा झाला, टवक्याच्या कपातून चहा पितो, आपल्याला ओळखलंसुद्धा नाही त्याने. आणि मग तो कप डोळ्यांसमोर आला, आणि त्या कपावरून दुसरा कप.

तो दुसरा कप मी सहा वर्षं टाळला आहे. गुरुजी तुमच्या दोघांच्या लग्नाचं बोलायला गॅरेजला आले होते. गंगाराम गुरुजी, रितेशचे वडील, चाळीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस. पांढरा सदरा घालून आले होते आणि बसण्याआधी त्यांनी बाकड्यावरचं ऑइल स्वतःच्या रुमालाने पुसलं. हौसाबाई चहा घेऊन आली. मी तिला नजरेने खुणावलं. आम्हा सगळ्यांना काचेच्या ग्लासात आणि गुरुजींना कागदी कपात चहा आला. मी तोंडाने एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तर निदान भांडण झालं असतं. त्यांनी चहा पूर्ण संपवला, मला चहा छान आहे म्हणाले, कप टाकायला डबा दिसेना म्हणून तो चपटा करून सदऱ्याच्या खिशात ठेवला, आणि नमस्कार करून गेले.

तू टेबलावरच्या व्हाइसपाशी उभी होतीस. तू पाना खाली ठेवलास. आपटला असतास तर बरं झालं असतं. नुसता ठेवलास, जागेवर, बाराच्या खिळ्याला. आणि म्हणालीस, गुरुजींच्या घरी जाऊन त्यांच्या हातचा चहा घ्याल तेव्हाच मी तुमची मुलगी. मी म्हटलं, मग नकोच. लोकांना सांगताना मी तुझ्या लग्नाची तारीख सांगतो, नोकरी सांगतो, तुझा राग सांगतो. तो कप कुणालाच सांगितलेला नाही.

तर सोमवारी आरसी परत ठेवली आणि रितेश आत आले तेव्हा त्यांना म्हटलं, थांबायची गरज नाही, आत्ताच करून देतो, उजेड असेपर्यंत घरी पोचाल. ते म्हणाले, इंजिन गरम आहे ना? मी म्हटलं, शिकवू नका. गाडी शेडमधून जावी एवढंच मला पाहिजे होतं. हात चालवत होतो, पण डोकं जागेवर नव्हतं. फेरे दिले नाहीत. पुन्हा कसलं नाही. लाइट गेली नव्हती. डोळेही ठीक आहेत. माझ्या मुलीच्या गाडीचा बेल्ट मी जाणूनबुजून अर्धवट लावला, आणि ते गाडीत बसून गेले तेव्हा मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला आता खातंय.

जॉबकार्ड भिजलं नव्हतं. मी फाडलं.

आणि नटावर ठिपका दिलेला नाही. ते सगळ्यात मोठं खोटं. सगळं दोनदा तपासल्याशिवाय ठिपका द्यायचा नाही, हा नियम तूच घातला होतास. मालन आत्याने आणलेली नेलपॉलिश तू बोटांना न लावता नटाला लावलीस, नट आणि खालची पट्टी दोन्हींवर मिळून एक ठिपका. नट केसभर जरी फिरला तरी ठिपका तुटलेला दिसेल, म्हणालीस. अकरा वर्षांची होतीस. तेव्हापासून माझ्या हातून ठिपक्याशिवाय एक गाडी गेली नाही. पहिली गेली ती तुझी.

रितेश गेल्यावर पाहिलं, तर त्यांनी तो कप धुऊन फळीवर उपडा ठेवला होता. तीन दिवस मी त्याला हात लावला नाही. कालपासून त्यातूनच चहा पितोय. यात विशेष काही केलं असं नाही, हे मला कळतं. साठीला आलेल्या माणसाला हे लिहायला लागावं, याचीच लाज वाटते.

सोमवारीच बस पकडून येता आलं असतं. तीन-साडेतीन तासांचा रस्ता. इंजिनाची भीती असती तर आलोच असतो. मला तुमच्या दाराची भीती वाटत होती. चार सेल्फमध्ये इंजिन जातं हे कळल्यावरही मी गॅरेजमध्येच बसून तुला पत्र लिहिलं.

उद्या शनिवारी रघूच्या गाडीने येतो. पाने, गेज, नवीन बेल्ट सगळं घेऊन. कॉलनीच्या गेटबाहेर बसेन. मला भेटू नकोस, चालेल. रितेशबरोबर किल्ली पाठव. किल्ली पाठवायची नसेल तर कुठल्याही दुसऱ्या मेकॅनिकला बोलाव, मी फक्त तो दोन फेरे देतो की नाही ते लांबून बघेन. पण रविवारी त्या गाडीतून घाटात जाऊ नका. गुरुजींना तर नेऊच नका. त्यांना माझ्या हातून एकदा झालं तेवढं पुरे.

तुझा
आबा


पोफळी
शुक्रवार, ७ नोव्हेंबर, दुपारी

आबा,

रघूकाका खाली थांबलेत, म्हणून भराभर लिहिते.

गाडी सोमवार संध्याकाळपासून चालू केलेली नाही. काल सकाळी रितेशने आणि मी ढकलून मागच्या शेडमध्ये लावली. आम्ही ड्यूटीवर असताना समोर नको, कुणी पोर बसेल आत म्हणून. तुमचं गुरुवारचं पत्र मिळायच्या आधी.

रितेशला मी पाठवलं नव्हतं. मला न सांगता आला होता. आल्यावर म्हणाला, बेल्ट बदलायला तुझ्या आबांकडे गेलो होतो, तू दुसऱ्या कुणाच्या हातचा चालवून घेत नाहीस ना. मी भांडले त्याच्याशी. मग टॉर्च घेऊन खाली गेले आणि कव्हर काढलं.

ठिपका नव्हता, आबा. सोमवारीच पाहिलं मी. आधी वाटलं, मुद्दाम दिला नाही, आमच्या गाडीला तुमचा ठिपका नको म्हणून. फार रडले. संस्कृती विचारत होती गाडीला काय झालं. सकाळी थंडीत बेल्ट पिळून बघितला, पार वळला, तेव्हा कळलं की तुम्ही काम पुरं केलेलं नाही. तुम्ही कितीही रागावलात तरी काम अर्धं सोडत नाही. म्हणजे काहीतरी झालं होतं. किल्ली मी माझ्या पर्समध्ये ठेवली, रितेशलाही दिली नाही.

आणि दुसऱ्याच दिवशी तुमचं पत्र आलं, की ठिपका दिला आहे.

म्हणून उत्तर दिलं नाही. गाडी कुठे जाणार नव्हती. मला बघायचं होतं, तुम्ही किती पत्रांत खरं लिहिता ते. हे माझं चुकलं. काल यमुनाबाईंनी निरोप सांगितला, ऑफिसातूनही चिठ्ठी आली, 'मेकॅनिक' अशा सहीची, आणि तुमच्या गाडीचं इंजिन गेल्याचं वाचलं, तेव्हाच मी कळवायला हवं होतं. तुम्ही दोन दिवस नीट जेवला नसाल.

माफ केलं असं समजू नका. आजचं पत्र मी दोनदा वाचलं आणि एकदा गुरुजींना वाचून दाखवलं, त्यांच्या डोळ्यांना दिसत नाही म्हणून. कपाची गोष्ट मी गाळणार होते. ते म्हणाले, तेवढं पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. नंतर म्हणाले, मेकॅनिकने गेटवर बसायचं नाही.

उद्या या. इंजिन पाच दिवस थंड आहे, हात ठेवून बघायचीसुद्धा गरज नाही. नेलपॉलिश विसरू नका, संस्कृतीला मी सांगून ठेवलं आहे की ठिपका तिने द्यायचा. पण आधी वर घरी या. चहा गुरुजी स्वतः करतात, साखर जरा जास्त पडते, काही बोलू नका.

आमच्याकडे सगळे कप सारखे आहेत.

तेजस्वी